काचेच्या पेटीत खाऱ्या शेताची माती

काचेची पेटी घरी आणली तेव्हा मी बायकोला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि तिने एकदा नको म्हटल्यावर माझी पुढे जायची हिंमत झाली नसती. म्हणून आधी आणली. आमच्या खात्यातले एक साहेब बदली होऊन निघाले होते आणि त्यांच्या टेम्पोत पेटीला जागा उरली नव्हती. "नेतोस का?" एवढंच त्यांनी विचारलं. पहिली शिफ्ट सुटल्यावर मी ती मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. उतरेपर्यंत पायांना मुंग्या आल्या होत्या.

तेव्हा आम्ही रोह्यात दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. माझं गाव पेणच्या खारेपाटात, खाडीच्या काठावर. बायकोचं माहेर खांबजवळ, भाताचं आणि वालाचं गाव. लग्नाला तीन वर्षं झाली होती.

"त्यात काय ठेवणार?" तिने दारातूनच विचारलं.

"मासे."

"नको. मरतात ते."

एवढं बोलून ती आत गेली. मला राग यायला हवा होता, कारण मला राग लवकर येतो. पण त्या दिवशी आला नाही. ती असं का म्हणाली ते मला पक्कं ठाऊक होतं.

आदल्या वर्षी आमचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं. बायको बाळंतपणाला माहेरी होती. कळा सुरू झाल्यावर तिला रोह्याच्या दवाखान्यात आणलं, आणि मी त्या दिवशी गावी होतो; पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. माझी आई माझ्याबरोबर होती. तिने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बाळाच्या आईला दाखवू नको. बघितलं का जीव अडकतो." आमच्याकडे असंच करतात, माझ्या आजीनेही तेच केलं असेल. मी मान हलवली. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते बाळ मांडीवर घेऊन मी जीपमधून आमच्या गावी गेलो आणि शेताच्या कडेला, बांधावरच्या जुन्या, उंच रानभेंडीच्या झाडाखाली पुरून आलो. बायकोने नंतर काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. न विचारता चाललंय तर बरंच चाललंय, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

पण बरं चाललेलं नव्हतं. रोह्याला परत आल्यावर तिने अबोलीची कुंडी शेजारणीला देऊन टाकली. दारात येणाऱ्या मांजरीला दूध घालणं बंद केलं. स्वयंपाक, कपडे, बाजार सगळं वेळच्या वेळी व्हायचं, पण जिवंत असं काहीही तिला घरात नको होतं. आम्ही दोघं बोलायचो ते गॅसच्या नंबराबद्दल आणि माझ्या शिफ्टबद्दल. मला ती माझ्यापासून सुटत चालल्यासारखी वाटायची, आणि मला त्याची भीती वाटत होती.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी तह केला. "मासे नाही आणत. नुसती झाडं लावू, पाण्यात वाढणारी. मासे तू म्हणशील तेव्हाच."

"आणि मी नायच म्हटलं तर?"

"तर पाण्यातली बाग."

तिने खांदे उडवले. मी त्याला होकार समजलो.

पेणला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पाळायचे मासे विकणारा एक माणूस होता. मूळचा हमरापूरकडचा. त्याची बोटं कायम रंगलेली, कारण पावसाळा जवळ आला की तो दुकानाला कुलूप लावून भावाच्या कारखान्यात गणपती रंगवायला जायचा. मासे हा त्याचा उरलेल्या महिन्यांचा धंदा. गावी जाताना मी त्याच्याकडे डोकावलो आणि रुबाबात सांगितलं, "मला झाडांची टाकी करायचीय. काय काय लागेल ते द्या."

"पेटी कुठं ठेवणार?"

"खिडकीत. उजेड चांगला येतो."

"शेवाळ पिकवायचंय का?" तो म्हणाला. "उन्हात ठेवलीत तर पंधरा दिवसांत पाणी पालकाच्या भाजीसारखं होईल. भिंतीला ठेवा, वर ट्यूब लावा, रोज आठ तास. आणि खाली काय आहे? टेबल? मोडेल. पाण्याला वजन असतं, साहेब."

मी साहेब नव्हतो. तो तसं मुद्दाम म्हणायचा.

घरी येऊन मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. कंपनीत आम्हाला कोणताही टँक भरायच्या आधी वजन काढायची सवय. सत्तर लिटर पाणी म्हणजे सत्तर किलो, वर माती, वाळू, काच. हिशेब नव्वदच्या पुढे गेला. बाहेरच्या खोलीत भिंतीत बसवलेला कडप्पा होता, त्यावर आम्ही पाण्याचे हंडे ठेवायचो. हंडे खाली आले. काचेखाली काहीतरी मऊ हवं होतं, तर माळ्यावर गणपतीच्या मखराचा थर्माकोल पडलेला होता, तो कापून घातला. दोन फुटी ट्यूब आणली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून पाणी ड्रममध्ये एक दिवस उघडं ठेवायचं ठरवलं. एका वहीवर रेघा मारून रजिस्टर केलं: तारीख, पाणी, उजेड, शेरा.

बायको ते बघत होती. "काय कंपनी काढताय व्हय?" ती म्हणाली आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मी वहीतून मान वर काढली नाही. वर बघितलं तर ती हसायची थांबेल असं वाटलं.

आता माती. दुकानदाराने सांगितलं होतं, "खाली दोन बोटं माती, वर दोन बोटं धुतलेली वाळू. माती साधी शेतातली घ्या. खत नको."

शेतातली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच शेत आलं. आमच्या घरात कुठलंही नवं काम निघालं, घराचा पाया असो की तुळशीवृंदावन, की आमच्या शेताची पाटीभर माती त्यात पडते. वडिलांनी तसंच केलं होतं, त्यांच्या वडिलांनीही. आमच्या भाताची चव आसपासच्या गावांत मिळत नाही, हे मी रोह्यातल्या प्रत्येक माणसाला एकदा तरी ऐकवलेलं आहे. वैशाखात सुट्टी काढून गावी गेलो. शेतात भेगा पडल्या होत्या, वर पांढरट धूळ होती. मी फावड्याने वरची भुसभुशीत माती खरवडून गोणीत भरली. खालची ढेकळं कोण फोडत बसणार? गोणी घेऊन पेणला आलो, दुकानातून झाडं घेतली आणि एसटी पकडली. लांब फितीसारख्या पातीचं पाणगवत आणि बारीक पिसाऱ्याचं एक झाड, अशी दोन प्रकारची रोपं होती. ती ओल्या वर्तमानपत्रात बांधलेली होती.

त्याच संध्याकाळी सगळं लावलं. माती, वर वाळू, वाळूवर ताटली आणि ताटलीवर हळूहळू पाणी, म्हणजे गढूळ होत नाही. ट्यूब लावली तेव्हा खोलीचा तो कोपरा हिरवा झाला. बायको चहाचा कप घेऊन समोर येऊन बसली. कप रिकामा झाल्यावरही उठली नाही. रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं.

पाचव्या दिवशी पातींची टोकं पिवळी झाली. आठव्या दिवशी पाती काचेसारख्या आरपार दिसायला लागल्या, मग काळ्या पडून तुटून वर तरंगू लागल्या. पिसाऱ्याच्या झाडाचा तर सगळा पिसारा झडून नुसत्या काड्या उरल्या. मी उजेड वाढवला, कमी केला, पाणी बदललं, दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. दहाव्या दिवशी ड्यूटीवरून आलो तर पेटीवर बायकोची एक जुनी साडी टाकलेली होती. चारी बाजूंनी नीट खोचलेली.

"झाकलीस का?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "मासे नायत तरी पण मेलंच ना?"

त्या रात्री मी जेवलो नाही. रुसून नाही, खरंच घास उतरला नाही. झाडं पाच-दहा रुपयांची, परत मिळाली असती. पण मीच तिच्यासमोर आणखी एक मरण आणून ठेवलं होतं, तेही हट्टाने.

त्याच आठवड्यात माझी आई आली. सुकट, वाल आणि पापड घेऊन ती वर्षातून दोनदा यायची. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर मात्र ती आणि बायको एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. आईने हातपाय धुतले आणि कडप्प्याकडे बघून विचारलं, "ह्या कोनाला साडी नेसवलीस गो?"

आईने साडी उचलली. कुजलेल्या पाण्याचा वास खोलीभर झाला. मी घाईघाईने सगळी हकीकत सांगितली, दुकानदाराच्या झाडांना नावं ठेवली. आई ऐकत होती. आमच्या शेताची माती म्हटल्यावर तिने माझ्याकडे चमकून बघितलं, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मग ती एवढी हसली की तिला कडप्प्याला धरून उभं राहावं लागलं. "वैशाखातली माती उचललीस? वरची? अरे, मिठागरावर जन्म गेला तुझ्या आईबापाचा! उन्हाळ्यात खालचं मीठ वर येतं ते तुला म्हायती नाय? ती पांढरी धूळ काय पावडर वाटली तुला?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी दर पावसाळ्यात बघितलं होतं. आमच्या खाऱ्या शेतात कोणी पाऊस पडला की लगेच भात लावत नाही. आधी शेतात पाणी साठू द्यायचं, मीठ त्यात उतरू द्यायचं, मग बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडून ते पाणी खाडीत सोडायचं. पुन्हा साठवायचं, पुन्हा सोडायचं. म्हातारी माणसं चिखल जिभेला लावून बघायची आणि ती हो म्हणाली की मगच लावणी. दहा वर्षं कंपनीत मीटर बघून माझी जीभ हे सगळं विसरली होती, आणि भाताच्या चवीच्या बढाया मात्र चालू होत्या.

"मग फेकून देऊ?" मी विचारलं.

"फेकतोस कशाला? धू."

मी कामावर गेलो. पुढचं सगळं त्या दोघींनी केलं, काही मी बघितलं, काही मला बायकोने नंतर सांगितलं. मागच्या मोरीत घमेल्यात माती घेऊन आईने पाणी ओतलं, हाताने ढवळलं, बसू दिलं आणि वरचं पाणी अलगद ओतून दिलं. मग चिमूटभर चिखल स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि चिमूटभर सुनेपुढे धरला. "चाख गो."

"आमच्या खांबकडं माती नाय कोन चाखत," बायको म्हणाली.

"तुमच्याकडं सगळं गोडच असतं गो. खारं आमच्याच नशिबी."

बोलून गेल्यावर आईला उमगलं की पोर गेलेल्या सुनेसमोर आपण काय बोललो. तिचा हात घमेल्यात तसाच राहिला. बायकोने तो हात धरला, त्यातला चिखल स्वतःच्या जिभेला लावला आणि म्हणाली, "अजून हाय. आनखी एक पानी घाला."

दोन दिवस चाललं ते. अकरा पाणी. अकराव्याला दोघींनी चाखून एकमेकींकडे बघितलं आणि मान हलवली. आईने गावची गाडी पकडली.

नवी झाडं आणायला मी पेणला गेलो तेव्हा दुकानदार कुलूप लावायच्या बेतातच होता. मी चूक कबूल केली. त्याला हसू आवरेना. झाडं देऊन म्हणाला, "आता गणपती होईपर्यंत दुकान बंद. तुमचं भाग्य समजा. उघडं असतं तर तुम्ही पंधरा दिवसांत मासे न्यायला आला असता. नव्या पाण्यात मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीने मरतो. ती घाण खायला मातीला आणि झाडांना शिकावं लागतं. महिना-दीड महिना काही करू नका. नुसतं बघा."

नुसतं बघणं हे माझ्यासारख्या माणसाला सर्वांत अवघड काम. पण मासे न्यायचे की नाही हे माझ्या हातात तरी कुठे होतं?

घरी आलो, बाह्या सरसावून पेटीत हात घातला आणि रोप वाळूत खुपसलं. ते वर आलं. परत खुपसलं, परत वर आलं. तिसऱ्या वेळी बायकोने मला बाजूला सारलं. "सरा. भात लावलाय का कधी?" तिने पदर खोचला, रोप अंगठा आणि दोन बोटांत धरलं, मुळं तिरकी आत सरकवली आणि अंगठ्याने वाळू वर ओढून घेतली. एकही वर आलं नाही. माहेरी ती लावणीत सगळ्यांच्या पुढे असायची. मागे उंच पाती, पुढे बुटकं झाड, मध्ये थोडी मोकळी जागा. माझा आलेखाचा नकाशा कडप्प्यावर पडून ओला झाला आणि कोणी उचलला नाही.

त्यानंतर रजिस्टर तीच लिहू लागली. माझे शेरे एका शब्दाचे असायचे. तिचे असे: 'डावीकडच्या झाडाला नवीन पात. पोपटी आहे.' 'मुळापासून दोरा निघाला, त्याला पोर फुटलंय.' ते वाचताना मी त्या शब्दावर अडखळलो. ती मात्र सहज लिहून गेली होती.

गणपती झाले. एका सकाळी मी डबा भरून घेत असताना ती पेटीसमोर उभी होती. "त्यात कायतरी हलायला पायजे," ती म्हणाली.

मी डबा तिथेच ठेवला. "मासे?"

"चारच. जास्त नको."

चार गप्पी आणले, दोन नर, दोन माद्या. नरांच्या शेपट्या नारिंगी. पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, अर्ध्या तासाने तोंड उघडून थोडं थोडं आपलं पाणी आत घातलं आणि मग ते आपले आपण बाहेर आले. सकाळी चिमूटभर खाणं, आठवड्याला चौथा भाग पाणी बदलायचं. हे सगळं तिने हातात घेतलं. मी फक्त ड्रम भरून द्यायचो. शेजारीण बघायला आली, येताना अबोलीची कुंडी परत घेऊन आली. बायकोने ती ठेवून घेतली.

दिवाळी संपली आणि एका दुपारी पहिली शिफ्ट करून घरी आलो, तर पेटीत तीनच मासे. एक नारिंगी शेपटी कमी होती. मी पुन्हा मोजले, झाडांच्या मागे बघितलं. बायको कुठे दिसत नव्हती. मला वाटलं, संपलं. आता ती साडी पुन्हा पेटीवर येणार, आणि या वेळी कायमची.

ती मागच्या दारात बसली होती. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूजवळ. हाताला माती होती.

"सकाळी वर आलेला दिसला," ती म्हणाली. "मी हातात घेतला. जरा वेळ धरून बसले. मग हितं पुरला."

मी तिच्या शेजारी बसलो. माझ्या तोंडून निघालं, "दुसरा आणू."

"आणा. पन मला आधी एक सांगा." तिने माझ्याकडे बघितलं नाही. अळूच्या पानांकडे बघत विचारलं, "मुलगा होता का मुलगी?"

दीड वर्ष झालं होतं. एवढी साधी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. मी सांगितली नव्हती.

"मुलगी."

"केस होते?"

"होते. दाट. कपाळावर चिकटले होते." मग मीच म्हणालो, "माझं चुकलं. तुझ्या हातात द्यायला पाहिजे होती. मी कोणाचं ऐकायला नको होतं."

ती बराच वेळ रडली, आणि मीही. त्यापूर्वी आम्ही एकत्र कधी रडलो नव्हतो. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "कुठं ठेवलीत तिला?"

मी सांगितलं. भेंडीचं झाड, बांध, पलीकडे खाडी.

"रविवारी जाऊ," ती म्हणाली.

रविवारी गेलो. भात कापून झालं होतं, बांधावरून चालायला वाट मोकळी होती. भेंडीला पिवळी फुलं होती आणि काही गळून खाली पडली होती. आई थोडी लांब उभी राहिली. बायको झाडाखाली बसली, जमिनीवरून हात फिरवत राहिली, हळू आवाजात काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. उठताना तिने चिमूटभर माती उचलून जिभेला लावली आणि आईकडे वळून म्हणाली, "गोड झालीय."

आईने तोंडाला पदर लावला आणि मान हलवली.

येताना पेणला उतरून दुकानात गेलो. मी एक मासा सांगितला, बायकोने दोन घेतले. एसटीत गर्दी होती. खिडकीजवळची जागा तिला मिळाली, मी दांड्याला धरून उभा. पाण्याने फुगलेली पिशवी तिने मांडीवर घेतली होती, खाली एक हात, वर पदर. कोलाडच्या पुढे रस्ता खराब, गाडी आदळायला लागली तशी ती पिशवीवर आणखी वाकली. मी हात पुढे केला. "दे, मी धरतो जरा."

"नको," ती म्हणाली. "मला धरू दे."